रातोरात म्हणजे किती रात्री?

गेल्या वर्षी बी.ए.च्या इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासत असताना एका वाक्यापाशी माझे पेन थांबले. वाक्य असे होते : ‘१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो लोक ओव्हरनाईट बौद्ध झाले.’ साल बरोबर होते, गाव बरोबर होते, पुढे बावीस प्रतिज्ञांचा उल्लेखही होता. मी पूर्ण गुण दिले आणि पान उलटले. परंतु तो एक शब्द मनातून जाईना. कारण हे वाक्य कोणा परक्या, अज्ञानी किंवा आकस बाळगणाऱ्या माणसाने लिहिलेले नव्हते. लिहिणारी मुलगी आमच्याच समाजातली, दीक्षा घेतलेल्या घरातली होती. तिला तो शब्द खटकला नाही आणि तपासणाऱ्या मलाही आधी खटकला नाही, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटली.

झरी जामणी तालुक्यातील एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. माझ्या वर्गात बौद्ध, कोलाम, गोंड, परधान, बंजारा, कुणबी अशी सर्व मुले बसतात. त्यांच्या तोंडी हा शब्द आता सहज आहे. कापसाचा भाव ओव्हरनाईट पडतो, पुढारी ओव्हरनाईट पक्ष बदलतो, कोणी ओव्हरनाईट प्रसिद्ध होतो. शब्द इंग्रजीतून आला म्हणून माझी तक्रार नाही. स्टेशन, कोर्ट, शाळेतला फळा आणि संविधानातले कित्येक शब्द आम्ही बाहेरूनच घेतले आणि ते आमच्या कामाला आले. प्रश्न असा की, हा शब्द ऐतिहासिक घटनेला लावला म्हणजे त्या घटनेतून नेमके काय गाळले जाते?

इंग्रजीतही या शब्दाचा जुना अर्थ ‘रात्रभर’ किंवा ‘आदल्या रात्री’ एवढाच होता. ‘एकाएकी’ हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. आमच्या मराठीतील ‘रातोरात’ या शब्दाची जात निराळी आहे. ‘रातोरात गाव सोडले’, ‘रातोरात बांध फोडला’, ‘रातोरात गाडी जुंपून निघाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणीतरी रात्रभर जागे होते, राबत होते किंवा जीव मुठीत धरून चालत होते, हे त्यात गृहीत असते. याउलट ‘ओव्हरनाईट’ आज ज्या अर्थाने वापरला जातो, तो सकाळी उठून बदललेले जग पाहणाऱ्या माणसाचा शब्द आहे. तो झोपलेला असतो, म्हणून त्याला बदल अचानक झाल्यासारखा वाटतो. इतिहासलेखनात प्रस्थापितांची दृष्टी पुष्कळ वेळा अशीच राहिली आहे. आमच्या वस्त्यांत काय चालले आहे हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले नाही. आणि ज्या दिवशी दिसले त्या दिवसालाच त्यांनी आरंभ मानले.

त्या संध्याकाळी मी घरी आजीला विचारले, ‘‘आजी, तुमी लोकं एका रातीत बौद्ध झाले म्हनतेत, खरं हाये का?’’

आजीचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘कोन म्हनते? दोन राती तं निसत्या चालन्यात गेल्या, बाबू. आन् तुया पंजोबानं वीस वरसं वाट पाह्यली, ते कोन मोजन?’’

मग तिने जे सांगितले ते मी लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी ऐकत आलो होतो. परंतु इतिहासाचा शिक्षक होऊनही ते कधी लिहून काढले नव्हते. तेव्हा आमचा मुलूख वणी आणि केळापूर या तालुक्यांत मोडत होता. झरी जामणी हा स्वतंत्र तालुका पुष्कळ नंतरचा. आमच्या गावाहून नागपूर लांब पडे, चांदा जवळ होते. १४ आणि १५ ऑक्टोबरचा नागपूरचा कार्यक्रम आटोपून बाबासाहेब चांद्याला येणार आणि १६ ऑक्टोबरला तेथेही दीक्षा होणार, ही बातमी बाजारच्या दिवशी वणीहून आली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी तेथे पुढाकार घेतला होता. गावातून दोन बैलगाड्या निघाल्या. म्हातारी माणसे आणि लेकरे गाडीत, बाकीचे पायी. भाकरी फडक्यात बांधलेल्या. वर्धा नदी ओलांडून ते चांद्याला पोहोचले.

निघण्याआधी घरात दोन दिवस वाद झाला होता. दीक्षेला पांढरे वस्त्र नेसून यायचे, असा निरोप होता. आजी नुकतीच लग्न होऊन आलेली. सवाष्णीने पांढरे लुगडे नेसायचे म्हणजे अभद्र, असे शेजारच्या बाया म्हणू लागल्या. घरात पांढरे लुगडे फक्त एका विधवा चुलत सासूजवळ होते. शेवटी पणजीने निर्णय दिला आणि तेच लुगडे धुऊन आजीला नेसवले. ज्या रंगाची भीती धर्माने बाईच्या मनात घातली होती, तो रंग अंगावर घेऊन ती चालत निघाली. दीक्षेचा विधी चांद्याला व्हायचा होता, परंतु आजीच्या बाबतीत एक गाठ आमच्या घराच्या उंबरठ्यावरच सुटली होती. अशा किती गाठी किती घरांत सुटल्या, याची नोंद कोणत्या ग्रंथात आहे?

आजीने जी वीस वर्षे सांगितली, ती अंदाजाने सांगितली होती. हिशेब केला तर तो चकित करतो. येवल्याला ‘मी हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी केली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. मध्ये २१ वर्षे आणि एक दिवस आहे. माझ्या पणजोबाला अक्षर येत नव्हते. वणीच्या बाजारात कोणी ‘जनता’ साप्ताहिकाचा अंक वाचून दाखवीत असे, तेथे येवल्याची गोष्ट त्याने ऐकली असे घरात सांगतात. तेव्हा तो तरुण होता. चांद्याला पोहोचला तेव्हा केस पिकले होते.

आणि ही २१ वर्षेही पुरी नव्हेत. नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांनी १९१० मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’ हे पत्र काढले. पुढे ‘मजूर पत्रिका’ आणि ‘चोखामेळा’ ही पत्रे चालवली. १९२० मध्ये नागपूरला राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. रेल्वे स्टेशनवर हमाली केलेल्या जाईबाई चौधरी यांनी १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी शाळा सुरू केली. १९२७ मध्ये महाडला पाण्याचा सत्याग्रह झाला आणि मृत जनावरांचे मांस खाण्याचे सोडा, हा आदेश गावोगाव गेला. मे १९३६ मध्ये मुंबईत दादरला महार परिषद भरली आणि धर्मांतर का व कशासाठी याची मांडणी बाबासाहेबांनी लोकांपुढे सविस्तर केली. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्याच परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन जन्माला आले. आणि त्याच वेळी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली. घटस्फोटाचा हक्क आणि एकाहून अधिक बायका करण्याच्या चालीस बंदी यांविषयी तेथे आमच्या स्त्रियांनी ठराव केले. हिंदू कोड बिलाची चर्चा संसदेत पेटण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

या वाटचालीत सर्वांचे एकमत होते असेही नाही. वऱ्हाडातील ग. आ. गवई यांच्यासारख्या जुन्या पुढाऱ्यांनी धर्मांतराच्या घोषणेला विरोध केला. घराघरांत बाप एका मताचा आणि मुलगा दुसऱ्या मताचा होता. म्हणजे लोक विचार करीत होते, भांडत होते, मत बनवीत होते. ‘ओव्हरनाईट’ म्हटले की हा सर्व विचारव्यवहार पुसला जातो आणि मागे राहते ते एक चित्र : एका महापुरुषाने हाक दिली आणि अडाणी समूह त्याच्यामागे गेला. आमच्या विरोधकांना हे चित्र सोयीचे आहे. दुःखाची गोष्ट अशी की, जयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या व्यासपीठांवरून आमचेच वक्ते हे चित्र रंगवतात. ‘बाबासाहेबांनी एका रात्रीत हजारो वर्षांची गुलामी संपवली’ असे वाक्य टाळ्या घेते. परंतु ज्यांनी चमत्कार नाकारला, बुद्धालाही अवतार मानण्यास नकार दिला, त्यांच्याच कार्याला आपण चमत्कार करून टाकतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

आकडे पाहणाऱ्याचीही फसगत होते. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. दोन रकान्यांतले हे अंतर पाहून कोणालाही ‘एकाएकी’ हाच शब्द सुचेल. परंतु जनगणना दहा वर्षांतून एकदा माणसाच्या दाराशी येते. मधल्या काळात त्या दाराआड काय शिजत होते, हे ती विचारीत नाही. ते विचारण्याचे काम इतिहासाचे होते.

जी गोष्ट आधीच्या रात्रींची, तीच नंतरच्या रात्रींची. चांद्याहून परत आल्यावर पणजोबाने देव्हाऱ्यातले टाक आणि मरीआईची टोपली नदीत सोडली. त्याच वर्षी आमच्या वस्तीने मेलेली जनावरे ओढण्याचे बंद केले. मोठ्या शेतकऱ्यांनी त्या हंगामात आमच्या लोकांना कापूस वेचायला बोलावले नाही. बाया दोन-दोन कोस दुसऱ्या गावी जाऊन वेचणी करीत. ही झाली बाहेरची लढाई. आतली लढाई त्याहून लांबली. आजी मोकळेपणाने सांगते की, टोपली नदीत गेली तरी पुढे कित्येक वर्षे लेकराला ताप चढला की तिची नजर घराच्या त्या रिकाम्या कोपऱ्याकडे जायची. हात जोडले नाहीत, पण नजर जायची. मी याला कमीपणा मानत नाही. मनात पिढ्यान्‌पिढ्या रुजवलेली भीती बावीस प्रतिज्ञा उच्चारल्याबरोबर नाहीशी होत नाही. प्रतिज्ञा ही ती भीती नाहीशी करण्याच्या कामाला केलेली सुरुवात असते. आजीने ते काम केले. माझ्या वडिलांची नजर त्या कोपऱ्याकडे कधी गेली नाही.

राज्यसंस्थेने मात्र या बदलाची दखल फार वेगळ्या गतीने घेतली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचे स्थान हिंदू धर्माशी जोडलेले होते. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माचा समावेश झाला. बौद्ध झालेला माणूस त्या यादीतून बाहेर गेला. विहीर तीच, शिवी तीच, मजुरी तीच. फक्त केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्र शासनाने १९६० नंतर राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला तो १९९० मध्ये. म्हणजे हक्क गेले ते एका दिवसात आणि परत यायला लागली ३४ वर्षे.

येथे ‘रातोरात’चा दुसरा प्रकार सुरू होतो. खरोखरच एका रात्रीत झालेले बदल आमच्या मुलखाने पुष्कळ पाहिले आहेत. पण ते वरून आलेले होते. निजामाचा वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. चांद्याच्या दीक्षेनंतर अवघ्या १६ दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ मध्य प्रदेशातून काढून द्विभाषिक मुंबई राज्यात घातला गेला. आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. ३१ ऑक्टोबरला मध्य प्रदेशात झोपलेला आमचा मजूर सकाळी मुंबई राज्यात उठला. त्याला कोणी विचारले नव्हते आणि त्याच्या हातातले काम बदलले नव्हते.

दुसरे उदाहरण आदिवासींचे. अनुसूचित जमातींच्या जुन्या यादीत यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी आणि यवतमाळ या तालुक्यांचीच नावे होती. तेथला गोंड आदिवासी. दारव्हा-पुसदकडचा त्याचा सोयरा मात्र कायद्याने आदिवासी नव्हे. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन उठवले. १९७१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या २९.५४ लाख होती, ती १९८१ मध्ये ५७.७२ लाख झाली. या वाढीचे मोठे कारण हे क्षेत्रबंधन उठणे होते. त्याच कायद्याने पैनगंगेच्या पलीकडे, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील तेलंगण भागात, लंबाडा समाज अनुसूचित जमातीत आला. अलीकडचा बंजारा महाराष्ट्राच्या विमुक्त-भटक्यांच्या यादीत राहिला. नदी एक, तांड्यांची भाषा एक, सोयरीक एक, कागद दोन.

अलीकडचे सांगायचे तर ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बाद झाल्या, तेव्हा आमच्याकडे कापूस वेचणीचे दिवस होते. मजुरीच्या चुकाऱ्याचे पैसे घेऊन बाया बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली. २४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला, तेव्हा विदर्भातून तेलंगणात मिरची तोडायला गेलेले मजूर तिकडेच अडकले; कित्येक जण लेकरे खांद्यावर घेऊन चालत निघाले. आठ वाजता घोषणा आणि बारा वाजता अंमल. ज्यांच्या आयुष्यावर अंमल व्हायचा, त्यांच्या वाट्याला चार तास.

आणि हीच व्यवस्था आमच्याकडून पुरावा मागते तेव्हा तिला घाई नसते. मला जातीचा दाखला काढायचा होता, तेव्हा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला गेला. पणजोबा शाळेत गेला नव्हता. शाळेचा दाखला कोठून आणणार? वडिलांनी मजुरी पाडून सात-आठ खेपा घातल्या. शेवटी कोतवालबुकातील एका जुन्या नोंदीची नक्कल मिळाली. त्या मोडक्या अक्षरातल्या एका ओळीवर माझे पुढचे शिक्षण उभे आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्यात आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. परंतु जंगलात राहणाऱ्या दलिताला किंवा इतर बिगर-आदिवासीला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या पूर्वजांना लिहू दिले नाही, त्यांच्याकडे ७५ वर्षांचा कागद मागायचा! आमच्यावर येणारे हुकूम एका रात्रीचे आणि आमच्याकडून मागायचे पुरावे तीन पिढ्यांचे, असा हा न्याय आहे.

म्हणून मला असे वाटते की, ‘ओव्हरनाईट’ हा शब्द वापरण्यापूर्वी आपण दोन प्रश्न विचारावेत. बदल कोणी केला? आणि त्यापूर्वीच्या रात्री कोण जागे होते? वरून आलेल्या हुकमाला हा शब्द खुशाल लावावा. तेथे तो खरा आहे आणि त्यातला अन्यायही तो उघड करतो. परंतु खालून, माणसांनी स्वतःच्या पायांनी चालून घडवलेल्या परिवर्तनाला तो लावणे म्हणजे त्यांचे कर्तृत्व काढून घेणे होय. यात केवळ भूतकाळाचा मान राखण्याचा प्रश्न नाही. जी मुलगी समजते की आपले आजी-आजोबा एका रात्रीत मुक्त झाले, ती स्वतःच्या वाट्याच्या लढ्यातही एका रात्रीत फळ मागेल आणि ते मिळाले नाही की लढाच खोटा होता असे समजेल. आमच्या चळवळीतल्या कित्येक तरुणांच्या लवकर येणाऱ्या निराशेचे एक कारण मला येथे दिसते.

उत्तरपत्रिका परत दिल्या त्या दिवशी मी हे सर्व वर्गात मांडले. तास संपल्यावर पोडावरून येणारा एक कोलाम विद्यार्थी माझ्यामागे आला आणि म्हणाला, ‘‘सर, तुमच्याजवळ चौदा ऑक्टोबर हाये. आमच्या पोडाची तारीख कोनती?’’

मला उत्तर देता आले नाही. कोलामांची गणना आता विशेष दुर्बल आदिवासी गटांत होते. जंगल राखीव झाले, पोड हलवले गेले, कर्जापायी शेते गेली. परंतु यातल्या कशालाही अभ्यासक्रमात तारीख नाही. मीच ‘तारखेच्या’ इतिहासावर टीका करीत होतो आणि मीच आजवर वर्गात फक्त तारखा असलेल्यांचा इतिहास शिकवीत आलो होतो, हे त्या मुलाने मला दाखवून दिले. आमच्या लोकांच्या जागत्या रात्री वगळल्या गेल्या म्हणून आपण तक्रार करतो. त्याच्या लोकांच्या रात्री आपणही वगळल्याच आहेत.

त्यानंतर मी एक छोटे काम सुरू केले आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा : ‘तुमच्या डोळ्यांदेखत काय बदलले आणि ते बदलायला किती दिवस लागले?’ उत्तर त्यांच्याच बोलीत, कोलामी, गोंडी, गोरमाटी, वऱ्हाडी, जसे असेल तसे वहीत उतरवायचे. ती मुलगी तिच्या आजीचे लिहून घेत आहे. तो कोलाम मुलगा पोडावरच्या म्हाताऱ्यांकडे बसतो आहे. त्याची वही अजून कोरीच आहे, कारण म्हातारे त्याला आधी विचारतात की हे लिहून कोणाला दाखवणार.

या नियतकालिकाच्या वाचकांत शिक्षक आहेत, कार्यकर्ते आहेत, शिकणारी मुले आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच की, आपापल्या गावी हे काम हाती घ्यावे. १९५६ मध्ये जे पंधरा-सोळा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. आमच्या गावातून चांद्याला गेलेल्या त्या दोन गाड्यांमधली माझी आजी एकटीच आता उरली आहे. तिला नदीचे नाव, लुगड्याची गोष्ट, सोबतच्या बायांची नावे आठवतात. काही दिवस आठवतात, काही दिवस आठवत नाहीत. मी वही घेऊन रोज संध्याकाळी तिच्यापाशी बसतो.